एका कानात फोर्ट

सव्वीस वर्षं मी मुंबईच्या फोर्टात नोकरी केली. सीएसएमटीला उतरायचं, गर्दीबरोबर सबवेत शिरायचं आणि धावतपळत मस्टर गाठायचं. संध्याकाळी तोच रस्ता उलटा. इतक्या वर्षांत स्टेशनाच्या इमारतीकडे मान वर करून नीट पाहिलं नव्हतं. निवृत्तीनंतर ते मनाला लागून राहिलं होतं. भाचीनं मोबाइलवर फोर्टची ऑडिओ वॉक, म्हणजे चालता चालता कानात ऐकायची माहिती, डाउनलोड करून दिली आणि बजावलं, "मावशी, एकाच कानात लाव हं. दुसरा कान गाड्यांसाठी."

रविवारी सकाळी साडेसातला, रस्ते रिकामे असताना, सीएसएमटीसमोर उभी राहिले. कानातला आवाज म्हणाला, आधी फाटकाच्या खांबांकडे पाहा. एका खांबावर सिंह, दुसऱ्यावर वाघ. सिंह इंग्लंडचा, वाघ हिंदुस्थानचा. मग नजर वर गेली ती खाली येईना. कमानींवर दगडी पानं, त्यांच्यात पक्षी, प्राणी आणि एका ठिकाणी मोर. या कोरीवकामात जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांचा हात होता. आपल्याच गावच्या पोरांनी टाकीनं घडवलेलं हे काम मी रोज ओलांडून जात होते! स्टीव्हन्स या वास्तुविशारदानं आराखडा केला, १८७८ मध्ये काम सुरू झालं आणि पूर्ण व्हायला दहा वर्षं लागली. ध्वनिमुद्रण थांबवून मी अर्धा तास तिथेच होते. माणूस गाइड असता तर एवढा वेळ मागायला संकोच वाटला असता.

शेजारच्या जीपीओचा, म्हणजे मुख्य टपाल कचेरीचा, घुमट विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देतो, एवढं ऐकून पुढे निघाले. एशियाटिक लायब्ररीच्या तीस पायऱ्या मात्र चढले आणि वर टेकले. ही इमारत १८३३ सालची, मूळचा टाऊन हॉल. समोर हॉर्निमन सर्कलची बाग. कधीकाळी इथे मोकळं मैदान होतं, कापसाच्या गासड्या पडायच्या. पुढे गोलाकार इमारती उठल्या आणि नाव पडलं एल्फिन्स्टन सर्कल. ज्यांचं नाव आता आहे ते बेंजामिन हॉर्निमन इंग्रजच, पण 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक म्हणून भारतीयांची बाजू मांडत राहिले आणि १९१९ मध्ये सरकारनं त्यांना देशाबाहेर घालवलं. लंच टाइममध्ये याच बागेत मी कितीदा डबा खाल्ला. नावाची पाटी वाचत होते, माणूस ठाऊक नव्हता.

सेंट थॉमस कॅथेड्रलमध्ये प्रार्थना चालू होती, म्हणून बाहेरूनच पाहिलं. हे चर्च १७१८ मध्ये उघडलं. तेव्हा मुंबईला तटबंदी होती आणि या चर्चच्या दिशेचा दरवाजा तो चर्चगेट. १८६० च्या दशकात तट पाडला, दरवाजाही गेला. तो जिथे होता तिथे १८६४ मध्ये फ्लोरा फाउंटन उभं राहिलं आणि दरवाजाचं नाव स्टेशनाला चिकटून राहिलं.

फाउंटनपाशी मी नाराज झाले. फ्लोरादेवीच्या मूर्तीवर, पोर्टलंडच्या दगडावर भरभरून बोलणाऱ्या त्या आवाजानं हुतात्मा स्मारक एका वाक्यात उरकलं. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. इथलं मला कुणी सांगायची गरज नव्हती. २१ नोव्हेंबर १९५५ ला, मुंबई महाराष्ट्रापासून वेगळी ठेवू नका म्हणत इथे जमलेल्या लोकांवर गोळीबार झाला. माझे वडील तेव्हा लालबागच्या गिरणीत होते आणि त्या गर्दीतही होते. पुढे कधीही या चौकातून गेले की ते चपला काढायचे, बोलायचे मात्र काही नाहीत. स्मारकावर शेतकरी आणि कामगार मिळून एकच मशाल धरून उभे आहेत. कामगाराच्या हाताकडे मी बराच वेळ पाहत राहिले. मग चपला काढल्या. सकाळच्या उन्हानं फरशी कोमट झाली होती.

काळा घोडा चौकात नवा घोडा पाहिला, २०१७ पासून उभा असलेला, पाठीवर स्वार नसलेला. स्वारासकट असलेला जुना पुतळा १९६५ मध्ये इथून हलवला, तो आता राणीच्या बागेत आहे. आई त्या जुन्या घोड्याच्या खुणेनं पत्ता सांगायची.

तुम्ही जाणार असाल तर रविवारीच जा, ध्वनिमुद्रण घरीच उतरवून घ्या आणि नकाशातल्या निळ्या ठिपक्यावर विसंबू नका. उंच इमारतींमध्ये तो भलतीकडे सरकतो. हॉर्निमन सर्कलला मला पुढच्या वास्तूची गोष्ट आधीच ऐकू येऊ लागली होती.

शेवटी ओव्हल मैदानाच्या कडेला, राजाबाई टॉवरसमोर. प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले ते मनोऱ्याला आईचं नाव देण्याच्या अटीवर, आणि १८७८ मध्ये तो पुरा झाला. आईला दिसत नसे, सूर्यास्ताआधी जेवायची वेळ तिला घंटेवरून कळावी म्हणून हा मनोरा, असं सांगतात. एवढं ऐकलं आणि इयरफोन काढला. मैदानात पोरं क्रिकेट खेळत होती, कुणीतरी "कॅच, कॅच" ओरडलं आणि तेवढ्यात वरून ठोके पडायला लागले. मी मोजत उभी राहिले.