दिसतंय, पण सापडत नाही

"अरे, रेकॉर्ड समोर दिसतंय आणि नावाने शोधलं की शून्य?" आज टीममधली ज्युनियर म्हणाली आणि माझ्या पोटात गोळाच आला.

सेंटओएस ७ या लिनक्स डिस्ट्रोचा (लिनक्सच्या एका प्रकाराचा) सपोर्ट जून २०२४ लाच संपलेला, म्हणून मीच पोस्टग्रेस या डेटाबेसची डेटा डिरेक्टरी उचलून जशीच्या तशी डेबियन १२ या दुसऱ्या डिस्ट्रोवर ठेवली होती, पोस्टग्रेसचं व्हर्जन तेच, डेटा तोच, मग बदललं काय? तर ग्लिबसी, म्हणजे लिनक्सची मूळ लायब्ररी, जिच्या क्रमाने पोस्टग्रेस टेक्स्ट लावतं. व्हर्जन २.२८ पासून तिची सॉर्टिंगची ऑर्डर बदललीय, आणि टेक्स्टवरचे इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार याद्या) जुन्याच क्रमाने बसलेले. रीइंडेक्स केलं, म्हणजे ते नव्याने बांधले, आणि सापडलं.

आणि डिस्ट्रो निवडताना आठवडाभर वाद कशावर, तर पॅकेज मॅनेजर (सॉफ्टवेअर बसवायचं साधन) कुठला बरा!

तुम्ही डेटाबेससाठी डिस्ट्रो घेताना आधी काय बघता?