वरून उतरणारी खिडकी: कप्प्या बसल्या, झोका बाकी

एकांकिकेतली खिडकीची चौकट आता दोन तारांवर वरखाली होते. वजन 2.4 किलो, रुंदी सव्वातीन फूट, ती जिच्यावरून टांगली आहे तो लाइट बार 16 फुटांवर.

तंगूस बाद केला. तो दिसत नाही असं म्हणतात, पण मागून पार दिव्याचा (रंगमंचावरच्या झोतदिव्याचा) उजेड पडला की चकाकतो. गाठीपाशी त्याची ताकद साधारण निम्मी होते. शिवाय तो ताणला जातो, म्हणून चौकट थांबल्यावरही डुचमळत राहते. कागदी चांदण्यांना ठीक आहे. नटांच्या डोक्यावर लाकूड असेल तर नको.

माणसांच्या डोक्यावर टांगायच्या वस्तूला वजनाच्या दहापट ताकदीचा हिशेब धरतात. एक तार गेली तरी दुसरीने सगळा भार पेलायला हवा, म्हणजे प्रत्येकीला किमान 24 किलो. पण तेवढंही पुरत नाही. हात सुटून चौकट 30 सेंमी पडली आणि 3 सेंमीत थांबली, तर सरासरी ओढच वजनाच्या 11 पट होते, 26 किलोंच्या वर. स्टीलची तार फारशी ताणली जात नाही, म्हणजे थांबायला अंतर आणखी कमी आणि झटका आणखी मोठा. म्हणून 2 मिमीची 7×19 विणीची (सात पेड, प्रत्येकात 19 बारीक धागे) गॅल्व्हनाइज्ड तार घेतली. तुटायचा भार दोनशे किलोंच्या पुढे, आणि कप्पीवरून लवचिकपणे वळते. चमक मारायला काळा मार्कर फिरवला. रंग लावू नका, तुटलेले बारीक धागे त्याखाली लपतात.

एवढ्या जाडीवर तुटते ती बहुतेक तार नव्हे, सांधा सुटतो. टोकाला थिंबल (तारेच्या वळशाला आतून आधार देणारी धातूची खोबण), त्यामागे तारेचे दोन पदर आवळणाऱ्या तीन बुलडॉग क्लिपा. क्लिपेचा यू आकाराचा बोल्ट तारेच्या कापलेल्या टोकावर आणि बैठक भार घेणाऱ्या बाजूवर. उलट बसवली तर यू भाराची तारच चेपतो. पहिल्यांदा भार दिल्यावर नट पुन्हा आवळावे लागतात, कारण तार दबून किंचित बारीक होते.

चौकटीच्या वरच्या पट्टीत स्क्रूवाला हुक नको. भुसभुशीत लाकडात आटे धरत नाहीत, आणि पट्टीचा सांधा उघडायला लागतो. तार मागून खालच्या पट्टीपर्यंत नेली, तिथे आरपार आय-बोल्ट (डोक्याला कडी असलेला), वॉशर आणि नायलॉक नट (सहज ढिला न होणारा). आता वजन खालून उचललं जातं. वरच्या पट्टीवर तार जाण्यापुरती कडी, ती सरळ राहावी म्हणून.

कप्प्या 50 मिमीच्या, बेअरिंगवाल्या, धातूच्या. बाल्कनीत कपडे वाळवायच्या स्टँडच्या प्लॅस्टिक कप्प्या स्वस्त पडतात, पण तार त्यांना खाच पाडते, मग चाक आणि कप्पीच्या बाजूच्या पट्टीमध्ये शिरून अडकते, आणि हे नेमकं अंधारातल्या क्यूला कळतं. कप्पीवरचा भार वस्तूच्या वजनाएवढा नसतो: तार काटकोनात वळली तर 1.41 पट, वर जाऊन सरळ खाली आली तर दुप्पट. बारवरचा क्लॅम्प त्या हिशेबाने. नाट्यगृहाच्या लाइट बारला परवानगीशिवाय हात लावू नये. केबल आणि तापलेले दिवे यांच्यापासून तार लांबच हवी.

दोन्ही तारा विंगेपाशी एका वेल्डेड कडीत येतात, तिथून 8 मिमीची पॉलिएस्टर दोरी क्लीटवर (दोरी गुंडाळून अडकवायच्या खुंट्यावर). दोरी रात्रभर वजन लावून टांगून ठेवली, तिचं सुरुवातीचं लांबणं होऊन गेलं. वरच्या जागेला पांढरी टेप, खालच्या जागेला लाल. पण मुख्य गोष्ट वेगळी: दोरीचं शेवटचं टोक मोजून क्लीटखालच्या पक्क्या कडीला निरगाठीने बांधलंय, म्हणजे हात सुटला तरी चौकट खालच्या जागेच्या पलीकडे उतरत नाही. तिथे थांबताना झटका बसेलच, म्हणून खाली-वर करताना तिच्याखाली कोणी नाही. चालवणाऱ्याला चौकट थेट दिसली पाहिजे आणि ‘खाली येतेय’ ही हाक प्रत्येक तालमीत द्यायची.

राहिलं ते झोक्याचं. दोन तारांमुळे चौकट गिरकी घेत नाही, पण थांबवताना पुढेमागे हलते. शेवटच्या हातभर अंतरात वेग अर्धा केला की बराच फरक पडतो. तरी हललीच तर खालच्या दोन कोपऱ्यांत थोडं वजन ठेवायचा विचार आहे. ते वाढलं की वरचा सगळा हिशेब नव्या वजनावर पुन्हा करावा लागेल.