नऊ जन्मली, सात हयात : क्लेअरमधल्या एका घराचा शोध

सासूबाईंच्या आजीनं १८९३ मध्ये आयर्लंड सोडलं तेव्हा ती अठरा वर्षांची होती. मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेलच्या कापडगिरणीत ती कामाला लागली, ती परत कधी गेलीच नाही. तिच्या मागे उरली बिस्किटांच्या डब्यातली अकरा पत्रं, सगळी धाकट्या बहिणीनं गावाहून पाठवलेली. त्यातल्या १९१४ च्या पाकिटाला काळी किनार आहे. पाकीट फोडण्याआधीच कळायचं, घरात कुणीतरी गेलं. माझ्या आजोळी असलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकत, घरात ठेवत नसत. या घरानं ते चार पिढ्या सांभाळलं.

यंदा मे महिन्यात सासूबाई, नवरा आणि मी ते घर शोधायला गेलो. तुमच्या घरात कुणाचं माहेर किंवा सासर असं समुद्रापार गेलेलं असेल, तर आमचे अनुभव उपयोगी पडतील.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे विमानात बसण्याआधी टाउनलँडचं नाव हातात हवं. टाउनलँड म्हणजे आपल्या वाडीसारखा जमिनीचा छोटा विभाग. असे साठ हजारांहून जास्त आहेत आणि नावं पुन्हा पुन्हा येतात. एकाच नावाला ‘मोर’ आणि ‘बेग’ जोडलेलं दिसलं की आपलं बुद्रुक-खुर्द समजायचं. अमेरिकेतल्या नागरिकत्वाच्या कागदावर बहुतेक वेळा नुसतं ‘आयर्लंड’ असतं, त्याचा काही उपयोग नाही. आम्हाला नाव मिळालं लोवेलच्या चर्चमधल्या लग्नाच्या नोंदीत, तेही ऐकून लिहिलेलं, त्यामुळे स्पेलिंग भलतंच. पत्रावरच्या पोस्टाच्या शिक्क्याशी ते ताडून पाहिलं तेव्हा खात्री पटली. शिक्का किलरश गावाचा होता, काउंटी (म्हणजे जिल्हा) क्लेअर. म्हणून पाकिटं कधी टाकू नका. पत्राइतकंच ती बोलतात. त्याआधी आम्ही एका सेवेला पैसे भरून वंशावळ मागवली होती. ती निघाली त्याच नावाच्या दुसऱ्याच बाईची. आईवडील दोघांची नावं जुळल्याशिवाय कुठलीही नोंद आपली मानू नका.

‘आयर्लंडचे कागद जळाले’ असं सगळे सांगतात. ३० जून १९२२ ला, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्स या न्यायालयांच्या आवारातला सरकारी दप्तरखाना जळून खाक झाला हे खरं. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांतलं थोडंच वाचलं. पुढच्या चार तर सरकारनंच आधी नष्ट केल्या होत्या. पण १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण शिल्लक आहे, आणि राष्ट्रीय अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर घरबसल्या फुकट दिसते. तिथे नुसतं टाइप केलेलं नाव बघून थांबू नका, मूळ कागदाचं चित्र उघडा.

आम्ही ते उघडलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. १९११ चा तक्ता. घरप्रमुख : विधवा. लिहिता-वाचता येत नाही. भाषा : आयरिश आणि इंग्रजी. सहीच्या जागी फुली. म्हणजे बहिणीच्या पत्रांतलं ‘आई म्हणते’, ‘आई विचारते’ हे अक्षरशः तसंच होतं; आई चुलीपाशी बसून सांगायची आणि शाळेत गेलेली मुलगी लिहायची. त्या वर्षी विवाहित बायकांना विचारलं होतं, मुलं किती झाली आणि हयात किती. विधवांना हा प्रश्न नव्हता, तरी हिनं उत्तर दिलं होतं. नऊ जन्मली, सात हयात. कुणीतरी त्यावर शाईची रेघ मारली आहे, पण आकडे स्वच्छ वाचता येतात. घरात त्या दिवशी दोनच मुलं होती. बाकीची पाच अमेरिकेत.

वयाकडे बघून गोंधळू नका. १९०१ मध्ये ही बाई बावन्न वर्षांची, १९११ मध्ये सत्तर! मधे १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना वृद्धापकाळाचं पेन्शन सुरू झालं होतं, आठवड्याला जास्तीत जास्त पाच शिलिंग. जन्मनोंदणीच १८६४ ला सुरू झाली, त्यामुळे आधीच्या लोकांकडे वयाचा दाखला कुठला असणार? १९१२ च्या पत्रात बहीण आनंदानं लिहिते, आईला पेन्शन मिळतं.

डब्लिनमध्ये दोन दिवस पुरतात. किल्डेअर स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय ग्रंथालयात वंशशोधनाचा सल्ला फुकट मिळतो; वेळ आधी बघून जा आणि घरून तयारी करून जा. कॅथलिक चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या त्यांच्याच संकेतस्थळावर आहेत, साधारण १८८० पर्यंतच्या. बऱ्याच लॅटिनमध्ये, जेम्सचा जाकोबुस होतो. धर्ममातापित्यांची नावंही उतरवून घ्या, ते बहुधा मामा-मावशी-काकाच असतात. नंतर जमीनमूल्यांकनाची जुनी पुस्तकं पाहिली. जमीन दुसऱ्याकडे गेली की आधीचं नाव खोडून वेगळ्या रंगाच्या शाईनं नवं लिहायचे. वडिलांचं नाव खोडलेलं, वर विधवेचं, त्यावर मुलाचं. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या चोपडीत आजोबांची सही बघताना झालं होतं तसंच मला झालं.

पुढे गाडी भाड्यानं घ्या. पश्चिम क्लेअरमध्ये बसवर विसंबून टाउनलँड गाठणं कठीण आहे. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून चालते. एनिसच्या काउंटी ग्रंथालयाचं स्थानिक इतिहासाचं काम फार मोलाचं आहे, तिथे अर्धा दिवस ठेवाच. आणि भारतीय पासपोर्ट असेल तर सहसा आयर्लंडचा वेगळा व्हिसा लागतो, युरोपचा शेंगेन व्हिसा चालत नाही, ग्रीन कार्डही नाही. माझा व्हिसा यायला वेळ लागला आणि तिकिटं बदलावी लागली.

किलरशच्या आसपास १८४० च्या दशकातल्या मोठ्या दुष्काळाच्या काळात हजारो लोकांना घराबाहेर काढून घरं पाडली. त्यामुळे शेतात भिंती दिसल्या तरी त्या कुणाच्या हे नकाशाशिवाय सांगता येत नाही. ग्रिफिथच्या मूल्यांकनाचा, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातल्या जमीनमूल्यांकनाचा, नकाशा आणि त्यावरचा भूखंड क्रमांक फोनमध्ये घेऊन आम्ही निघालो. जागा आज दुसऱ्यांच्या मालकीची आहे म्हणून नाव देत नाही. आधी शेजारच्या घरी जाऊन विचारलं. म्हाताऱ्या शेतकऱ्यानं काठीनं रस्ता दाखवला, गुरं आहेत, फाटक लावून घ्या म्हणाला.

जनगणनेत घराचा वेगळा तक्ता असतो. आमच्या तक्त्यात छप्पर गवताचं आणि पुढच्या बाजूला खिडक्या दोन. छप्पर केव्हाच गेलं होतं. दगडी भिंत उभी होती, तिच्यात दोन चौकोन. सासूबाईंनी एकात हात घातला, चिरेबंदी कडेवर ठेवला आणि पिशवीतून काळ्या किनारीचं पाकीट काढलं. वारा फार होता. नवऱ्यानं पत्राची दोन टोकं धरली आणि त्यांनी ते पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं.