तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्या लहान मुलांना सॉक्रेटिस कशाला?

होमस्कूलिंग करणाऱ्या मुलांना मी ऑनलाइन ग्रीक तत्त्वज्ञान शिकवते. नवीन पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला, एवढ्या लहान वयात हे कशाला? जरा ओळख झाली की मग खरा प्रश्न येतो, आवाज खाली आणून, "मुलं उलट बोलायला नाही ना लागत?" दर वेळी मी काहीतरी बोलून वेळ मारून नेते, आज एकदाच नीट लिहिते.

आक्षेप नवा नाहीच. इ.स.पू. 399 मध्ये सॉक्रेटिसवर खटला चालला त्यात एक आरोप हाच होता, तरुण पोरांना बिघडवतो. आणि विरोधकांचं सोडा, खुद्द त्याचा शिष्य प्लेटो 'रिपब्लिक' या ग्रंथाच्या सातव्या भागात म्हणतो की वादविवाद कोवळ्या पोरांच्या हाती देऊ नका, कुत्र्याची पिल्लं जशी दिसेल ते ओढून फाडत सुटतात तशी ती वागतात, तिशीपर्यंत थांबा. प्लेटोचा शिष्य ॲरिस्टॉटलही म्हणतो की नीतिशास्त्र ऐकायला तरुण श्रोता योग्य नाही, त्याला आयुष्याचा अनुभव नसतो. म्हणजे मी ज्यांचं शिकवते तेच दोघं माझ्या विरोधात. पूर्वी मी हे झटकून टाकायचे, प्लेटो राज्यकर्ते घडवण्याबद्दल बोलतोय, आपल्याला काय त्याचं. आता तसं म्हणवत नाही, कारण ती पिल्लं मी पाहिली आहेत. "पण व्याख्या काय त्याची?" एवढं एक वाक्य हाती लागलं की काही मुलं घरात कुणाला धड बोलूच देत नाहीत.

पण याच प्लेटोने 'लायसिस' हा संवाद लिहिलाय. त्यात सॉक्रेटिस एका लहान मुलाला विचारतो, आईवडिलांचं तुझ्यावर प्रेम आहे ना, मग ते तुला रथ का हाकू देत नाहीत, आईच्या मागाला हात लावला तर मार का बसतो? माझ्या वर्गात हा उतारा वाचला की सगळे एकदम अनम्यूट होतात. आणि शेवटी काय होतं, तर मुलांना सांभाळणारे गुलाम येऊन हाका मारतात, चला घरी, उशीर झालाय, आणि मैत्री म्हणजे काय हे ठरायचं राहूनच जातं. मग कुठला प्लेटो ऐकायचा?

माझं म्हणणं असं आहे की शाळेत जाणाऱ्यांपेक्षा घरी शिकणाऱ्या मुलांना हे जास्त लागतं. वेळ त्यांच्याकडे भरपूर असतो, तास संपल्याची घंटा नाही, एका प्रश्नावर आठवडा घालवता येतो. पण शिकवणारी आई, तपासणारी आई, शंका काढायची तीही आईवरच. प्रत्येक मतभेद हा घरातला मतभेद होतो. सॉक्रेटिसशी वाद घालून हरलं तर तो रात्री जेवायला समोर बसत नाही. प्लेटोच्याच 'मेनो' या संवादातला चौरस मी नेहमी करून घेते: बाजू दोन फूट, क्षेत्रफळ चार, आता आठ क्षेत्रफळाचा काढा. एका मुलाने बाजू दुप्पट केली, सोळा आले. मग तीन घेतली, नऊ आले. तो गप्प झाला, बराच वेळ नुसता त्या आकृतीकडे बघत राहिला, आणि तेवढ्यात कॅमेऱ्याबाहेरून हलकेच आवाज आला, "कर्ण, कर्ण काढ ना." उत्तर तेच होतं, कर्णावर काढलेला चौरस आठचा येतो, आणि त्या आईचा हेतूही चांगलाच होता, पण ज्या शांततेसाठी मी हे सगळं करते तीच तिने घालवली.

आता ती गोष्ट, जिच्याबद्दल मी बोलायचं टाळते. आम्ही प्लेटोचा 'युथिफ्रो' हा संवाद वाचत होतो, त्यात सॉक्रेटिस युथिफ्रो नावाच्या माणसाशी बोलतो. युथिफ्रोच्या घरच्या एका मजुराने दारूच्या नशेत गुलामाचा खून केलेला असतो. वडील त्या मजुराला बांधून खड्ड्यात टाकतात, काय करायचं हे विचारायला अथेन्सला माणूस पाठवतात, आणि तो परत येईपर्यंत मजूर भुकेने-थंडीने मरतो. म्हणून मुलगा स्वतःच्या बापावर खुनाचा खटला भरायला निघालाय. त्यात तो प्रसिद्ध प्रश्न येतो: एखादी गोष्ट पवित्र आहे म्हणून देवांना आवडते, की देवांना आवडते म्हणून पवित्र ठरते? मी घरी करायला दिलं होतं की देवांच्या जागी असं कुणीतरी घाला ज्याचं तुम्ही ऐकता.

एका मुलीने वडिलांना घातलं. साधारण चौदा वर्षांची, वर्गात फारशी न बोलणारी. तिने त्यांनाच जाऊन विचारलं, "बाबा, बरोबर असतं म्हणून तुम्ही सांगता, की तुम्ही सांगता म्हणून ते बरोबर?"

त्याच रात्री त्यांचा फोन आला. चिडलेले नव्हते, ते मला जास्त लागलं. म्हणाले, सगळ्या नातेवाइकांचा विरोध पत्करून आम्ही तिला घरी शिकवतोय, तिच्या आणि आमच्या मध्ये बाहेरचं कुणी येऊ नये म्हणून, आणि आता ती माझ्याकडे परक्यासारखी बघते. मी काय उत्तर द्यायला हवं होतं? मी म्हटलं, "माहीत नाही, आपण मिळून विचार करू, एवढं म्हणालात तरी चाललं असतं." बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ताई, तिला त्या क्षणी माझ्याकडून 'माहीत नाही' नको होतं." दुसऱ्या दिवशी तिचं नाव ग्रुपमधून गेलं.

वर्गाच्या सामायिक फाइलमध्ये तिचा निबंध मात्र अर्धा राहिला होता. शेवटचं वाक्य असं, "युथिफ्रो कोर्टात जायच्या आधी बाबांशी बोलला होता का, हे सॉक्रेटिसने विचारायला पाहिजे होतं." इतकी वर्षं मी हा संवाद शिकवतेय, हे मला कुणी विचारलं नव्हतं. आणि ती तर बाबांशी बोलायलाच गेली होती ना! मी ते वाक्य तिच्या वडिलांना पाठवलं, उत्तर आलं नाही.

तेव्हा हो, मुलं उलट बोलतात. "नाही हो, तसं काही होत नाही" असं म्हणून मी तुमची फी घेणार नाही. प्रश्न तुमच्यापर्यंत येणार, कधी तुमची तयारी नसताना येणार. तो विचारायला लावायचा अधिकार मला कुणी दिला, यावर माझ्याकडे जे उत्तर आहे ते माझंच मला पुरत नाही, आणि तरी गृहपाठ मी बदललेला नाही. पुढच्या बॅचलाही 'युथिफ्रो' आहे. पालकांना तो आधीच पाठवते, छोटासा आहे, एका बैठकीत होतो, वाचून नको वाटला तर तेव्हाच सांगा. आणि वर्गात बसायचं असेल तर जरूर बसा, फक्त मुलाला कर्ण सांगू नका.