हनोईतील पहिला तास

इंग्रजी शिकवण्याचे प्रशिक्षण देणाऱ्या केंब्रिजच्या सेल्टा अभ्यासक्रमातील १२० तास, त्यांतील परीक्षकासमोर प्रत्यक्ष शिकवण्याचे ६ तास आणि ४ लेखी स्वाध्याय पार पाडल्यानंतर, आज हनोईत मी स्वतःचा म्हणावा असा पहिला वर्ग घेतला. व्याकरणाची तयारी चोख होती. अडले ते उच्चारांपाशी. व्हिएतनामी भाषेत शब्दाच्या शेवटी मोजकीच व्यंजने येतात आणि तीही अर्धवट गिळली जातात, त्यामुळे ‘राइस’, ‘राइट’ आणि ‘राइड’ हे तिन्ही शब्द माझ्या विद्यार्थ्यांच्या तोंडून जवळजवळ ‘राय’ असेच येत होते. मग तोंडासमोर कागदाचा कपटा धरून, ‘राइट’मधल्या शेवटच्या ‘ट’ला तो हलला पाहिजे, असा खेळच आम्ही मांडला. (त्यांना हसण्याचा अधिकार मला नाही, ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ यांतील फरक दाखवताना प्रशिक्षणात माझीच त्रेधा उडाली होती, कारण आपला ‘व’ दोन्हीकडे चालतो अशी आपली समजूत असते.) मागच्या बाकावरच्या मुलीचा कागद अखेर हलला, तेव्हा ती आनंदाने ‘कोऽ’ म्हणाली, शिक्षिकेला इथे तशीच हाक मारतात. उद्या ‘स’.