९० मिलिमीटरचा प्ले: जुन्या ट्रकचं पुढचं काम

काम सुरू करण्याआधी एकच माप घेतलं. चाकं सरळ ठेवली, स्टिअरिंगच्या रिंगवर टेपचा तुकडा चिकटवला आणि पुढची चाकं हलायला लागेपर्यंत रिंग किती फिरते ते मोजलं. ९० मिलिमीटर. गाडी चालवताना इतकी वर्षं मी हा प्ले, म्हणजे सांध्यांमधला सैलपणा, नकळत हातानं भरून काढत होतो. आकडा समोर आला तेव्हा खरंच भीती वाटली.

गाडीची रचना जुनी आणि सरळ आहे. पुढे आय-बीमचा अख्खा अ‍ॅक्सल, त्यावर पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग), दोन्ही टोकांना किंगपिन, म्हणजे ज्यावर चाक डावी-उजवीकडे वळतं ती उभी पिन, आणि साधा मॅन्युअल स्टिअरिंग बॉक्स, म्हणजे रिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणारी गिअरची पेटी. प्ले दिसला की बहुतेकांचा हात पहिला जातो तो बॉक्सवरच्या अ‍ॅडजस्टिंग स्क्रूकडे. माझाही गेला असता. पण बॉक्स हा शेवटचा, हे मनाशी पक्कं केलं होतं. सुरुवात चाकापासून करायची आणि मागे बॉक्सकडे जायचं.

पहिल्या दिवशी पाना हातात घेतलाच नाही. धाकटी बहीण स्टिअरिंगवर बसली आणि इंजिन बंद ठेवून, चाकं जमिनीवरच असताना, रिंग थोडी डावीकडे थोडी उजवीकडे हलवत राहिली. मी खाली आडवा पडून एकेका सांध्यावर तळहात ठेवत गेलो. डोळ्यांना सगळे सांधे एकसारखेच दिसतात, हाताला मात्र लगेच कळतं. दोन्ही पुढची चाकं जोडणाऱ्या टाय रॉडच्या डाव्या एंडमध्ये ठक्‌ अशी बारीक टिचकी जाणवली. ड्रॅग लिंकवर, म्हणजे बॉक्सकडून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर, हात ठेवला तर बॉक्सचा ड्रॉप आर्म आधी हलत होता आणि लिंक मागून येत होती. दोन्हींच्या मध्ये बोटभर वेळ, असं म्हटलं तरी चालेल.

मग पुढचा भाग उचलला, अ‍ॅक्सलखाली घोड्या लावल्या, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे दिले. टायर वर-खाली धरून हलवला तर डावं चाक भरपूर डुललं. हे डुलणं बेअरिंगचं की किंगपिनचं? बहिणीला ब्रेक दाबून धरायला सांगितला. ब्रेक लागला की ड्रम आणि बॅकप्लेट एकजीव होतात, बेअरिंगचा प्ले गायब होतो. तरीही चाक डुलत होतं. म्हणजे किंगपिनच.

ड्रॅग लिंक उघडली आणि पहिलं उत्तर मिळालं. टोकाचा स्क्रू प्लग काढला, बॉल सीट बाहेर आली आणि तिच्यामागची स्प्रिंग दोन तुकड्यांत हातात पडली. बॉलला दाबून धरणारं आत काही उरलंच नव्हतं. बॉलही एका बाजूनं चपटा झाला होता, म्हणून लिंकची दोन्ही टोकं नवीन केली. टाय रॉड एंड सोडवताना फोर्क वापरला नाही, त्यानं रबरी बूट फाटतो. चाक वळवणाऱ्या आर्मच्या डोळ्याच्या एका बाजूला जड हातोडा टेकवायचा, समोरच्या बाजूनं दुसऱ्यानं एक घाव मारायचा. टेपर (निमुळता बसलेला सांधा) सुटतो. इथे गॅसनं तापवायचा मोह आवरा. ते आर्म तापवून, थंड करून मजबूत केलेले असतात, आणि त्यांचा कोनही फार मोलाचा आहे. टाय रॉड अ‍ॅक्सलच्या मागे असेल तर ते आर्म आतल्या बाजूला झुकलेले असतात, त्यामुळे वळणात आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं. ही युक्ती म्यूनिकच्या लँकेनस्पर्गर या बग्गी बनवणाऱ्या कारागिराची. लंडनमध्ये १८१८ साली पेटंट घेतलं ते रुडॉल्फ अकरमननं, म्हणून नाव त्याचं चिकटलं. घोडागाडीसाठी शोधलेली गोष्ट आजही माझ्या ट्रकखाली काम करतेय, याचा मला मनापासून आनंद होतो.

किंगपिननं तीन दिवस खाल्ले. उजवी बाजू दुपारपर्यंत सुटली. डावीकडची लॉक पिन मात्र अ‍ॅक्सलच्या डोळ्यात गंजून दगड झाली होती. रात्री गंज सोडवणारं तेल टाकायचं, सकाळी घाव घालायचे, पुन्हा तेल. तिसऱ्या दिवशी पितळी ड्रिफ्टवर मारलेल्या घावाचा आवाज बदलला. आधी टण्‌ वाजत होतं, ते धप्‌ झालं. तेव्हाच कळलं, सुटली.

बाहेर आलेल्या पिनवरून नख फिरवलं तर खालच्या बुशच्या (पिनभोवतीच्या नळीच्या) जागी नख अडलं. मायक्रोमीटरवर न झिजलेला मधला भाग ३०.०० आणि खालचा २९.५४ मिलिमीटर. जवळजवळ अर्धा मिलिमीटर धातू गेला, तोही एकाच बाजूनं. याचं कारण ग्रीस निपलमध्ये, म्हणजे ग्रीस भरायच्या तोंडात, सापडलं. आधी कुणीतरी त्याच्यावरूनच रंग मारला होता, आणि आतलं जुनं ग्रीस मेणासारखं घट्ट होऊन भोक बुजलं होतं. वर्षानुवर्षं गन लावली गेली असेल, पण ग्रीस आत पोचलंच नाही.

नवीन बुश बसवताना माझ्याकडून चूक झाली. वरच्या बुशचं भोक निपलच्या भोकापासून जरासं फिरलं. दाबून बसवल्यावर गन लावली तर ग्रीस येईना. बुश कापून काढावं लागलं, दुसरं आणावं लागलं. आता बसवण्याआधी बुश आणि चाक धरणारा स्टब अ‍ॅक्सल दोन्हींवर मार्करनं रेघ ओढतो. वरचं आणि खालचं बुश लांब रीमरनं (भोक मापात कातणाऱ्या हत्यारानं) एकाच रेषेत रीम करून घेतलं. वेगवेगळं रीम केलं तर दोन्ही भोकं मापात बसतात आणि पिन तरीही अडकते. वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग अ‍ॅक्सलच्या डोळ्याखाली, शिम (पातळ चकत्या) वरच्या बाजूला. ग्रीस मारताना चाक हवेत हवं. गाडीचं वजन बेअरिंगवर असेल तर ग्रीसला शिरायला फटच राहत नाही.

पाटे काढले तेव्हा आणखी एक गोष्ट सापडली आणि या साऱ्या कामातली मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामधल्या कॅस्टरच्या (किंगपिनच्या पुढे-मागे झुकण्याच्या कोनाच्या) पाचरी दोन्ही बाजूंना उलट्या होत्या. आमच्या गाडीत पाटा अ‍ॅक्सलच्या वर आहे, तेव्हा पाचरीची जाड बाजू मागे हवी, म्हणजे किंगपिनचं वरचं टोक मागे झुकतं. इथे जाड बाजू पुढे होती. दोन अंशांची पाचर उलटी लावली तर फरक चार अंशांचा पडतो. वळण संपल्यावर स्टिअरिंग आपोआप परत का येत नव्हतं, सरळ रस्त्यावर गाडी का भटकत होती, ते त्या पाचरीकडे बघताच उलगडलं. कोरड्या किंगपिननं त्यात भर घातली होती. पाचरी सुलट्या केल्या, सेंटर बोल्ट बदलले, यू-बोल्ट नवीन घातले. ताणले गेलेले यू-बोल्ट मी पुन्हा वापरत नाही. शॅकलला (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या दुव्याला) रबरी बुश आहेत, म्हणून ते बोल्ट गाडी खाली उतरवून, पूर्ण वजन पाट्यांवर आल्यावरच आवळले. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं.

हब बेअरिंग साफ करून, ग्रीस भरून बसवलं. चाक फिरवत नट आवळायचा, मग सैल करून पिन बसेल तिथे ठेवायचा. टाय रॉडच्या नटचं उलट: टॉर्क दिल्यावर भोक जुळलं नाही तर थोडं पुढेच आवळायचं, सैल कधीही करायचं नाही.

सगळं जोडून पुन्हा तेच माप घेतलं. ३८ मिलिमीटर. बॉक्सला अजून हात लावला नव्हता.

बॉक्समधलं तेल अर्ध्याखाली होतं, ड्रॉप आर्म ज्यावर बसतो त्या सेक्टर शाफ्टचं सील गळत होतं. सील बदलायला ड्रॉप आर्म काढावा लागला. आधी खूण, मग पुलर. हातोड्यानं मारला तर तो घाव थेट आतल्या वर्मपर्यंत (स्क्रूसारख्या गिअरपर्यंत) जातो. अ‍ॅडजस्टिंग स्क्रू चाकं सरळ असतानाच आवळला, कारण वर्म मधोमध मुद्दाम घट्ट ठेवलेला असतो आणि झिजतोही तिथेच. थोडा आवळायचा, लॉकपासून लॉकपर्यंत (एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत) फिरवून बघायचं, कुठेही जड लागलं तर मागे यायचं. मी १८ मिलिमीटरवर थांबलो. त्याहून आवळला असता तर मधोमध छान वाटलं असतं आणि वळणात अडकला असता.

टो-इन, म्हणजे चाकं पुढच्या बाजूला किती आत वळलीत ते, घरीच बघितलं. दोन्ही टायरच्या मध्यभागी खडूनं पट्टा केला, त्यावर खिळ्यानं रेघ मारली, हबच्या उंचीवर पुढचं अंतर मोजलं, गाडी अर्धा फेरा पुढे ढकलली आणि त्याच रेघा मागे आल्यावर पुन्हा मोजलं. पुढचं अंतर मागच्यापेक्षा २ मिलिमीटर कमी येईपर्यंत टाय रॉडची नळी फिरवली. एका टोकाला उलटे आटे असतात, म्हणून नळी फिरवली की लांबी बदलते.

५०० किलोमीटर झाल्यावर यू-बोल्ट पुन्हा तपासले. सगळे नट पाव फेरा आत गेले. डाव्या किंगपिनला गन लावली, दोन दाबांत खालच्या टोपीच्या कडेनं पिवळं ग्रीस बाहेर आलं. आज एका लांब वळणानंतर रिंग सैल सोडली, तर ती तळहातांतून घसरत आपोआप सरळ झाली.