किंझुआ ट्रेसल, १:१६० : नोंद तिसरी, मनोरे आणि पाय

अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातला किंझुआ ट्रेसल, म्हणजे उंच लोखंडी मनोऱ्यांवरचा रेल्वे पूल, २,०५३ फूट लांब होता. त्याचं हे १:१६० मॉडेल. अख्खा करायचा तर ३९१ सेंमी टेबल लागतं, म्हणून तीनच मनोरे घेतलेत. मनोऱ्याचा गाळा (पायांमधलं अंतर) ३८.५ फूट, दोन मनोऱ्यांमधला ६१. म्हणजे ७३ आणि ११६ मिमी, एकूण ४५१.

रूप १८८२च्या मूळ बांधणीचं, १९००च्या पोलादी बांधणीचं नाही. तेव्हाचे पाय फिनिक्स कॉलमचे होते : घडीव लोखंडाचे वळवलेले तुकडे रिव्हेट मारून जोडलेला पोकळ खांब. २ मिमी पितळी नळीत तो चटकन उभा राहतो.

सर्वांत उंच मनोरा ३०० मिमीवर आवरलाय. पायांचा उतार ६ला १ (६ उंचीला १ बाहेर), त्यामुळे नळी ३०० नव्हे, ३०४ मिमी कापायची. इथेच हमखास चुकतं : नळी उंचीच्या मापाने कापली की डेक (रुळांखालची सपाट पट्टी) ४ मिमी खाली बसतो आणि रूळ जुळत नाहीत.

जिग (भाग जागेवर धरून जोडायचा साचा) १२ मिमी प्लायवर. आडव्या पट्ट्या आधी, तिरक्या तारा (०.४ मिमी) नंतर. तारा ताणून डाग (सोल्डर) दिले तर थंड होताना त्या पाय आत ओढतात आणि मनोऱ्याची कंबर बारीक होते. मधल्या मजल्यापासून सुरुवात करून वरखाली आळीपाळीने जा; शेजारच्या सांध्यावर ओल्या कापसाचा बोळा ठेवा, नाहीतर कालचा डाग आज सुटतो.

पायथा मात्र हलक्यात घेऊ नका. इंजिनं जड झाली म्हणून १९०० साली वरचं सगळं लोखंड बदललं, पण दगडी चौथऱ्यांतले १८८२चे बोल्ट तेच ठेवले आणि कॉलर (जोडकडी) बसवून वर वाढवले. २१ जुलै २००३च्या टॉर्नेडोत ते गंजलेले बोल्ट-कॉलर तुटले आणि ११ मनोरे आडवे झाले. वरचं पोलाद कितीही भक्कम असो, वाऱ्याची उचल धरायची ती बोल्टनेच.

मॉडेलमध्येही पाय चौथऱ्याला धरणाऱ्या पिनला जोड नको. १ मिमी पोलादी तार सलग : १२ मिमी नळीत, १० मिमी चौथऱ्यातून खाली. २ मिमी नळी ०.४५ जाडीची घेतली तर आतलं भोक १.१ उरतं, तार सरळ सरकते. आतली बर (कापल्यावर उरलेली खरखरीत कड) तेवढी काढून टाका. एपॉक्सी सगळ्यात शेवटी. आधी मनोरा कोरडाच उभा करून चारही बाजूंनी ओळंबा बघा, डेकची पट्टी ठेवून पाहा, मग चिकटवा.